मंगळावरचा महापूर

२०१३ सालची भाऊबीज आठवते का? त्या दिवशी, ५ नोव्हेंबरला, घरोघरी ओवाळणीची गडबड चालली असता श्रीहरिकोट्याहून आपले मंगळयान निघाले. पुराणांत मंगळ हा भूमीचा पुत्र, म्हणून तो भौम. लेकाची खबर आणायला आईने माणूस धाडावा, तसेच हे झाले!

ही खबर काढण्याचा नाद मात्र जुना. १८७७ साली इटलीच्या शियापारेल्लीने दुर्बिणीतून मंगळावर रेषा पाहिल्या. पुढे अमेरिकेच्या लॉवेलने ते कालवेच ठरवले आणि ते खणणारी तहानलेली माणसेही कल्पिली. तो सारा दृष्टिभ्रम होता. पण गंमत पाहा, नोव्हेंबर १९७१ मध्ये मरिनर-९ हे यान मंगळाभोवती फिरू लागले, तेव्हा ग्रहभर धुळीचे वादळ माजले होते. ते निवळल्यावर छायाचित्रांत कालवे नव्हते. होती ती प्रचंड कोरडी पात्रे! अशा मोठ्या दऱ्यांना निरनिराळ्या भाषांतली मंगळाची नावे मिळाली. जपानी 'कासेई', ग्रीक 'एरिस' आणि आपले संस्कृत 'मंगल'. आपली तापी मुलताईपासून समुद्रापर्यंत ७२४ किलोमीटर. 'मंगल' दरी ८०० किलोमीटरांहून लांब.

परंतु तिची रीत तापीसारखी नव्हे. तापीला गोमाई मिळते, पांझरा मिळते, मग ती मोठी होते. 'मंगल' जमिनीच्या एका भेगेतून एकदम भरल्या अंगाने निघते. मधली बेटे थेंबाच्या आकाराची, प्रवाहाने तासलेली. हे काम कोणाचे?

उत्तर सापडले अमेरिकेच्या वायव्येस, आपल्यासारख्याच काळ्या खडकाच्या मुलखात. १९२३ साली ब्रेट्झ म्हणाला, हा प्रदेश एका महापुराने कोरला. विद्वानांनी त्याला वेड्यात काढले. पुढे कळले, की हिमयुगात बर्फाचा बांध फुटून अख्खे सरोवर तिथून धावले होते. त्याच प्रदेशाचे अभ्यासक व्हिक्टर बेकर यांनी मंगळावरच्या खुणा तशाच वाचल्या: जमिनीखाली कोंडलेले पाणी तीन अब्ज वर्षांपूर्वी फुटून निघाले असावे. काहींच्या मते ते काम लाव्ह्याचे. वाद संपलेला नाही.

हेच बेकर पुढे पुण्याचे भूगोलतज्ज्ञ विश्वास काळे यांच्यासह नर्मदा आणि तापी यांच्या घळींच्या अभ्यासात होते. पुरात आडोशाच्या जागी पाणी थबकते आणि बारीक गाळ बसतो. थरावर थर साठतो. नदीने स्वतः लिहिलेली ती पुरांची वही!

आमच्या घरीही अशी एक ओळ होती. ऑगस्ट १९६८ मध्ये तापीला महापूर आला आणि सुरत बुडाली. इकडे प्रकाशाजवळ नदीकाठच्या आमच्या जुन्या घरात पाणी शिरले. ओसरल्यावर आजोबांनी पाणी जिथवर चढले होते तिथे भिंतीवर खिळ्याने रेघ ओढली. दर दिवाळीला घराला चुना लागे, पण तेवढी पट्टी ते कोरी ठेवीत. आजोबा गेल्यावर एका दिवाळीत मीच हौसेने सगळी भिंत रंगवली. आई काही बोलली नाही. नुसती भिंतीकडे पाहत राहिली. नंतर कितीही खरवडले तरी रेघ सापडली नाही.

उकाईचे धरण १९७२ मध्ये पुरे झाले, तरी २००६ साली सुरत पुन्हा बुडाली. पाणी कुठवर चढू शकते, हे विसरणे परवडत नाही. मंगळावरची खूण टिकली, कारण तिथे चुना लावणारा कोणी नव्हता. आपण मात्र दरसाल घर उजळणारी माणसे. तेव्हा वाचकहो, या दिवाळीत फराळाला बसाल, तेव्हा घरच्या वडीलधाऱ्यांना विचारा, पाणी कुठवर आले होते? आणि ते दाखवतील तिथे रेघ ओढून ठेवा.