चहा, अफू आणि रंगभूमीचे मौन

चहा आणि अफू या एकाच व्यापारचक्राच्या दोन बाजू होत. चिनी चहाचे मोल चांदीत चुकवावे लागू नये म्हणून हिंदुस्थानातील अफू कँटनकडे रवाना होई. पुढे चहाची लागवड आसामातही सुरू झाली. या व्यवहाराचा रंगभूमीशी असलेला संबंध शोधताना अभ्यासक साहजिकच संहितेकडे वळतो. परंतु नाट्यगृह कोणाच्या पैशाने उभे राहिले आणि प्रयोगावर कोणाचे नियंत्रण होते, हेही प्रयोगाच्या अर्थाचेच घटक असतात.

दक्षिणाचरण चट्टोपाध्याय यांचे ‘चा-कर दर्पण’ हे बंगाली नाटक १८७५ सालचे. दीनबंधू मित्र यांच्या ‘नीलदर्पण’ची (१८६०) परंपरा ते चहाच्या मळ्यात नेते. ‘चा-कर’ म्हणजे मळेवाला आणि ‘चाकर’ म्हणजे सेवक, हा शीर्षकातील श्लेष मराठी वाचकालाही सहज उमगावा. पळून जाणाऱ्या मजुराला वॉरंटाविना पकडण्याचा अधिकार मळेवाल्यांना १८६५ च्या कायद्याने मिळालेला होता. नाटकातील जुलमाला असा वैधानिक आधार होता. १८७६ साली नाट्यप्रयोग नियंत्रण कायदा करताना सरकारपक्षाने याच नाटकाचा दाखला दिला. चहाविषयी बोलू पाहणारे नाटक अशा रीतीने नाटकांच्या मुस्कटदाबीचे निमित्त ठरले.

मुंबईचे चित्र याहून वेगळे, आणि म्हणूनच अधिक विचारप्रवर्तक आहे. माळव्याची अफू प्रामुख्याने संस्थानी मुलखात पिकत असल्याने तिच्यावर बंगालप्रमाणे कंपनीची मक्तेदारी नव्हती. त्यामुळे मुंबईच्या देशी व्यापाऱ्यांना तिच्या निर्यातीत मोठा वाव मिळाला. जमशेटजी जीजीभाई यांची संपत्ती कापूस आणि अफू यांच्या चीनशी चाललेल्या व्यापारातून आली होती. कर्जबाजारी झालेले जुने ‘बॉम्बे थिएटर’ १८३५ च्या लिलावात त्यांनीच घेतले. कर्जफेडीनंतर उरलेली विक्रीची रक्कम नव्या नाट्यगृहाच्या मागणीला आधारभूत ठरली आणि जगन्नाथ शंकरशेट यांनी दिलेल्या जागेवर १८४६ साली ग्रँट रोडचे नाट्यगृह उभे राहिले. १८५३ मध्ये विष्णुदास भावे यांनी तेथेच आपले प्रयोग केले.

तेव्हा अफू येथे संहितेत नव्हे, तर वास्तूच्या पायात आहे. याचा अर्थ भाव्यांची आख्याने अफूने कलंकित झाली, असा नव्हे. कलाकृतीला भांडवलाची केवळ सावली मानणे हे उथळ समीक्षेचे लक्षण होय. मात्र कलकत्त्याची बोलकी संहिता आणि मुंबईचे मूक नाट्यगृह एकत्र वाचल्याखेरीज वसाहतकालीन रंगभूमीचा इतिहास पूर्ण होत नाही. चहामळ्याच्या नाटकाने ज्याला निमित्त पुरवले, त्याच कायद्याचा फास पुढे १९१० साली खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’च्या प्रयोगांभोवती आवळला गेला. मराठी नाट्येतिहासकाराने म्हणूनच नाट्यसंहितेबरोबर व्यापाऱ्याची खातेवही आणि सरकारचे कायदेपुस्तकही उघडले पाहिजे.