घोळीची भाजी आणि रब्बींच्या घरची दासी

टोकियोच्या पूर्वेला, एदोगावा प्रभागात हिगाशी-कसाई आहे. या कसाई भागात सन 2000 च्या सुमारापासून भारतीय संगणक अभियंत्यांची वस्ती वाढली, तशी मराठी कुटुंबेही आली. 2019 साली योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ या प्रभागाच्या सभेवर निवडून गेले. येथे उन्हाळ्यात पदपथाच्या फटींत आणि कुंड्यांच्या बुडाशी तांबूस देठाची, जाड पानांची एक रोपटी पसरते. जपानी लोक तिला सुबेरिहियु म्हणतात व बहुतेक ठिकाणी तण म्हणून उपटून टाकतात. कोकणातला माणूस मात्र थबकतो. ही तर आपली घोळ!

आमच्या घरी पावसाळ्यात घोळ तुरीच्या डाळीत शिजवीत. लसूण-मिरचीची फोडणी आणि वर ओले खोबरे. आब महिन्याचे पहिले नऊ दिवस मांस वर्ज्य, तेव्हा ती ताटात असायचीच. नवमीचा उपास सुटे तो वालाच्या बिरड्याने, म्हणून आपल्यात त्या दिवसाला बिरड्याचा सण म्हणतात. आजी सांगे, आंबट हवी तर घोळ सकाळी खुडावी. त्यामागे कारण आहे. पाण्याची ओढ लागली की हे झाड रात्री हवा घेऊन पानांत आम्ल साठवते आणि दिवसा ते वापरून टाकते.

ही भाजी आपल्या धर्मग्रंथांतही आहे. मिश्नाच्या शेबीथ या भागात, नवव्या अध्यायाच्या सुरुवातीलाच, हलगलोगोथ हे नाव येते. अशा रानभाज्यांवर दशमांश नाही, आणि सातव्या, म्हणजे जमिनीच्या विश्रांतीच्या वर्षी त्या कोणाकडूनही विकत घेता येतात. कारण त्यांची राखण कोणी करीत नाही.

पुढे या शब्दाचा अर्थच विद्वानांना कळेना. तालमुदाच्या मगिल्ला भागात गोष्ट आहे. रब्बी यहूदा हानासी यांच्या घरची दासी एका माणसाला घोळ विखुरताना पाहून रागावली आणि बोलता बोलता तिने तोच शब्द वापरला. तेव्हा कुठे रब्बींना उलगडा झाला. पाठशाळेत हरवलेला शब्द स्वयंपाकघरात जिवंत होता.

आपल्याला यात नवल वाटू नये. दाऊद राहबींची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. कोकणातले हे शनिवार तेली खरोखर इस्राएल आहेत का, हे पाहण्यासाठी त्यांनी बायकांपुढे मासे ठेवले, आणि बायकांनी पर व खवले नसलेले मासे बाजूला काढले. ग्रंथ नव्हते, हिब्रू विसरली होती, पण चूल विसरली नव्हती.

जपानमध्येही असे एक ठिकाण आहे. टोकियोच्या उत्तरेकडील यामागाता प्रांतात घोळीला ह्यो म्हणतात. ती उकडून मोहरी आणि सोया सॉसबरोबर खातात. उन्हाळ्यात वाळवून ठेवलेली घोळ नववर्षाला शिजवतात. 'ह्योत्तो शिते' म्हणजे 'कदाचित', म्हणून कदाचित काही चांगले घडेल या आशेने ती खायची.

परदेशी घोळ शोधणाऱ्यांनी एवढे सांभाळावे. देठ मोडल्यावर पांढरा चीक आला तर ती घोळ नव्हे, टाकून द्यावी. रस्त्याकडेची किंवा तणनाशक फवारलेली घेऊ नये. मुतखडा असणाऱ्यांनी ती बेतानेच खावी.

इस्राएलमध्ये तिला रेगेला म्हणतात. आपली मुले तेथे तेच नाव शिकतील, टोकियोत सुबेरिहियु शिकतील. त्यात वाईट काही नाही. पण घोळ हा शब्द ती कोणाकडून ऐकणार? घरात आजी असेल तर तिला भाजी करताना बोलू द्या, आणि मुलांना जवळ बसवा. या शब्दाचीही राखण दुसरे कोणी करणार नाही.