किरायाचा हिशेब कोणी करायचा?



मराठवाड्यात घर भाड्याने देत नाहीत, किरायाने देतात. पुण्या-मुंबईकडे ज्याला भाडेकरू म्हणतात तो आमचा किरायेदार. शब्द उर्दूच्या वाटेने आला, आणि ज्या राजवटीत तो रुळला तिची आठवण अजून सांभाळून आहे. या किरायावर सरकारला द्यावयाच्या प्राप्तिकरासंबंधी आज बोलावयाचे आहे. विषय रुक्ष आहे, हे आधीच कबूल करतो. परंतु नांदेड-लातूरकडच्या घरमालकाने आपल्या हाताने आपला कर मोजावा आणि आपणच नेऊन भरावा, ही गोष्ट आपल्याला वाटते तेवढी जुनी नाही. ती इथवर कशी आली, हे पाहण्यासारखे आहे.

समजा, नांदेडच्या जुन्या गावात, गोदावरीच्या घाटापासून हाकेच्या अंतरावर एक वाडा आहे. पुढे ओसरी, मध्ये चौक, वर माडी. मालक मागच्या अंगाला राहतो, पुढच्या चार खोल्यांत चार बिऱ्हाडे आहेत. साल १९४० धरू. महिन्याच्या महिन्याला किराया येतो तो हाली शिक्क्यात, म्हणजे निजामाच्या स्वतःच्या नाण्यात. ब्रिटिश हद्दीतला रुपया तो कलदार. सात हाली मोजले की सुमारे सहा कलदार मिळत. आता या किरायावर मालक प्राप्तिकर किती देत असेल? छदामही नाही. त्या वेळी हैदराबाद संस्थानात तसा करच नव्हता. दरबारची मोठी मिळकत जमीन महसुलाची, अबकारीची आणि करोडगिरीची, म्हणजे मालावरच्या जकातीची. शेतकऱ्याला सरकार भेटे ते पटवाऱ्याच्या रूपाने, व्यापाऱ्याला भेटे ते नाक्यावर. खोल्यांचा किराया घेऊन बसलेल्या माणसाच्या दारी मात्र त्याचे उत्पन्न विचारायला कोणी येत नसे.

कर नव्हते असा याचा अर्थ नव्हे. मोहतर्फा नावाचा कर घरांवर, दुकानांवर, मागांवर, कारागिरांवर बसत असे, हे जुन्या दप्तरांत पुष्कळ ठिकाणी सापडते. पहिले सालारजंग १८५३ मध्ये दिवाण झाले तेव्हा वसुलीचे मक्ते दिले जात. मक्तेदार सरकारला ठरीव रक्कम देई आणि रयतेकडून त्याहून किती काढायची ते आपले आपण पाही. सालारजंगांनी ही पद्धत मोडीत काढली, १८६५ मध्ये जिल्हे पाडले, पगारी अधिकारी नेमले. ही सुधारणा मोठीच होती. पण एक गोष्ट मक्त्याच्या काळी होती तीच जिल्हेबंदीनंतरही राहिली. आकडा दुसरा कोणी तरी लिही, आणि देणाराने तो ऐकून घ्यायचा.

आता लातुराहून जरा पश्चिमेकडे बघा. बार्शी सोलापूर जिल्ह्यातली, म्हणजे इंग्रजी अमलातली. १९११ पासून बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी लातूरपर्यंत येऊ लागली आणि दोन्ही पेठांतल्या अडत्यांची ये-जा वाढली. माल तोच, माणसेही पुष्कळदा एकमेकांच्या नात्यातली. पण बार्शीच्या बाजूला प्राप्तिकर होता. १८५७ च्या बंडाने रिकामी झालेली तिजोरी भरण्यासाठी जेम्स विल्सन यांनी तो कायदा आणला, त्याला २४ जुलै १८६० रोजी संमती मिळाली. पुढे अवघ्या अठरा दिवसांनी विल्सन कलकत्त्यात वारले. कर मधे बंद पडला, पुन्हा लागला, १८८६ मध्ये स्थिरावला आणि १९२२ च्या कायद्याने त्याला पक्के रूप आले. हद्दीच्या या बाजूच्या घरमालकाला यातले काही लागू नव्हते.

आमच्याकडे हा कर आला तो फसली १३५७ च्या हैदराबाद आयकर कायद्याने. फसली सालात ५९० मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे हे १९४७-४८ चे वर्ष. योग कसा पाहा! ज्या सालचा हा कायदा, ते साल सरता सरता, १७ सप्टेंबर १९४८ ला, निजामाची राजवटच संपली. पुढे १ एप्रिल १९५० पासून १९२२ चा हिंदुस्थानचा कायदा हैदराबादेस लागू झाला. एकदम पूर्ण दराचा बोजा पडू नये म्हणून त्याच वर्षी सवलतीचा एक आदेशही निघाला. तेव्हा आपल्या वाड्याच्या मालकाची प्राप्तिकराशी खरी ओळख १९५० ची.

आणि ओळख झाली ती एका विचित्र कल्पनेशी. कायदा म्हणे, आम्ही किरायावर कर घेत नाही, घराच्या ‘वार्षिक मूल्या’वर घेतो. म्हणजे ते घर वर्षभर दिले असता रीतीप्रमाणे जेवढा किराया यावा तेवढी रक्कम. भाच्याला नात्याखातर पाच रुपयांत खोली दिली आणि बाहेर तिला पंधरा येत असले, तर अधिकारी पंधरा धरू शके. मालक स्वतः ज्या भागात राहतो त्याचेही मूल्य धरले जाई, मात्र त्याला एकूण उत्पन्नाच्या दहाव्या हिश्शाची मर्यादा होती. डागडुजीसाठी षष्ठांश वजा मिळे, मग मालकाने छप्पर शाकारलेले असो वा नसो. ‘मी माझ्याच घरात राहतो, तर मला उत्पन्न कसलं?’ हा प्रश्न त्या काळी अनेकांनी विचारला असेल, आणि माझ्या मते तो रास्तच होता. राहत्या एका घराचे मूल्य शून्य धरण्याची तरतूद व्हायला १९८६ चा वित्त कायदा यावा लागला.

एवढे सगळे ठरवी कोण? अधिकारी. मालकाने विवरणपत्र द्यायचे, बोलावणे आले की वही घेऊन जायचे, मग आकारणीचा हुकूम निघायचा आणि त्यामागून मागणीची नोटीस. भरणा शेवटी. म्हणजे कायदा नवा, पण आकडा लिहिणारा हात अजून दुसऱ्याचाच.

तो फिरला १९६४ मध्ये. १९६१ चा आयकर कायदा १ एप्रिल १९६२ पासून चालू झाला होता. टी. टी. कृष्णम्माचारी अर्थमंत्री असताना १९६४ च्या वित्त कायद्याने त्यात १४०-अ हे कलम घातले. विवरणपत्राप्रमाणे येणारा कर पाचशे रुपयांहून अधिक असेल, तर हुकुमाची वाट न पाहता करदात्याने तीस दिवसांत तो आपण होऊन भरावा. याला स्वयंआकारणी म्हणतात. पुढे तीस दिवसही गेले, आधी भरणा आणि मग विवरणपत्र असा क्रम आला. इंग्लंडचा प्राप्तिकर आपल्या करापेक्षा जुना. पण तिथे घरभाड्यासारख्या उत्पन्नाची स्वयंआकारणी या नावाने व्यवस्था सुरू झाली ती १९९६-९७ च्या वर्षापासून. या एका बाबतीत आपण बत्तीस वर्षे पुढे होतो, असे म्हणायला हरकत नाही.

तरी अधिकाऱ्याचा हुकूम मागाहून निघतच असे. बहुतेक विवरणपत्रे हुकुमावाचून, नुसत्या पोचपावतीवर मान्य करण्याची पद्धत १ एप्रिल १९८९ पासून आली. त्या दिवशी देशाचे अर्थमंत्री कोण होते? नांदेडचे शंकरराव चव्हाण, एके काळचे नांदेड नगरपालिकेचे अध्यक्ष. कायदा त्यांच्या आधी, १९८७ मध्ये झाला होता, तेव्हा त्याचे श्रेय त्यांना देऊ नये. पण घरपट्टीचे कागद ज्यांनी जवळून पाहिले असतील अशा माणसाच्या कारकीर्दीत ही गोष्ट अमलात आली, याची मला मौज वाटते.

एक धागा राहिला. आमच्याकडच्या किरायावर दुसराही एक कायदा बसलेला होता: हैदराबादचा १९५४ चा घरभाडे नियंत्रण कायदा. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, तरी हा कायदा आमच्याकडे तसाच चालू राहिला, तो थेट ३१ मार्च २००० पर्यंत. मग साऱ्या महाराष्ट्राचा एकच भाडेकायदा आला. नियंत्रणाने किराया बांधलेला आणि प्राप्तिकर मात्र ‘यावा तेवढ्या’ किरायावर, असा पेच पडे. शीला कौशिश यांच्या खटल्यात १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो सोडवला. भाडेकायद्याने जेवढे रास्त भाडे ठरेल त्याहून अधिक वार्षिक मूल्य धरता येणार नाही, असा निर्णय दिला. जुन्या किरायेदारांचे वाडे सांभाळणाऱ्यांना त्याने पुष्कळ हायसे वाटले असेल.

आता लातूरला येऊ. फैयाजुद्दीन यांनी आखलेली गंजगोलाई, मधली दुमजली इमारत १९१७ ची, सभोवार सोळा रस्ते. पूर्वी लातुरात किराया म्हटला की या पेठेतली दुकाने आणि आडती डोळ्यांपुढे येत. आज किराया म्हणजे विद्यार्थ्यांच्या खोल्या. ‘लातूर पॅटर्न’चे नाव झाले, शिकवण्या वाढल्या, आणि बाहेरगावची मुले दरवर्षी जूनमध्ये वळकट्या घेऊन उतरू लागली. नांदेडलाही तेच. निवृत्त माणसांनी पेन्शनीच्या पैशातून वर मजले चढवले आणि खोल्या पाडल्या.

अशाच एका निवृत्त प्राध्यापकांचे उदाहरण घेऊ, कल्पनेतले. पेन्शन वर्षाला १० लाख. सहा खोल्या, प्रत्येकी ६,००० रुपये महिना. वर्षाचा किराया ४,३२,०००. त्यातून त्या वर्षी स्वतः भरलेली घरपट्टी १२,००० वजा, राहिले ४,२०,०००. त्याचे तीस टक्के, म्हणजे १,२६,०००, डागडुजीसकट सगळ्या खर्चापोटी सरसकट वजा. रंग दिला की नाही, पावत्या कुठे आहेत, कोणी विचारत नाही. करपात्र किराया २,९४,०००. घरासाठी कर्ज काढले असेल तर त्याचे व्याज आणखी वजा. यांनी काढलेले नाही. आता पेन्शनीतून ७५,००० ची वजावट धरली तर एकूण होते १२,१९,०००. २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत सवलतीने कर शून्य येतो. नुसती पेन्शन असती तर प्राध्यापकांना काहीच पडले नसते, म्हणून बँक पेन्शनीतून काही कापत नाही. बँकेला वरच्या खोल्या कुठे ठाऊक? त्या खोल्यांनी त्यांना १२ लाखांच्या रेषेपलीकडे नेले आहे, आणि हे सांगणारे ते एकटेच. साठी उलटलेल्या, धंदा नसलेल्या माणसाला आगाऊ हप्ते भरावे लागत नाहीत. तेव्हा सगळी रक्कम एकदम, स्वयंआकारणीच्या भरण्यात. उशीर झाला तर महिन्याला एक टक्का व्याज.

‘बँकेनं कापलं नाही म्हणजे कर नाही’ हा समज फार पसरलेला आहे. आणि तो आळसातून आला असे मला वाटत नाही. ज्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या आकडा दारावर चालत येई, तिथे न आलेला आकडा म्हणजे माफी, असेच माणूस धरणार. दुसरी चूक वाड्यांत होते. चार भावांचे हिस्से ठरलेले असूनही सगळा किराया थोरल्याच्या नावावर दाखवतात. हिस्से निश्चित असतील तर प्रत्येकाचा किराया त्याच्या त्याच्या उत्पन्नात धरावा, अशी कायद्याचीच तरतूद आहे. नाही तर थोरला विनाकारण वरच्या दरात जातो. तिसरी गोष्ट मेसची. जेवणासकट खोली दिली तर जेवणाचे पैसे हा किराया नव्हे. ते निराळे दाखवावे लागतात आणि त्यांवर तीस टक्क्यांची वजावट मिळत नाही.

१९६१ च्या कायद्याच्या जागी २०२५ मध्ये नवा कायदा संमत झाला, त्याच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६. कलमांचे आकडे बदलले, किरायातून तीस टक्के वजा करण्याची रीत राहिली.

खोली नोकरदाराला दिली असेल, तर तोही आपल्या पगारातल्या घरभाडे भत्त्याच्या सवलतीसाठी तुमचे नाव लिहीत असतो, आणि जुन्या पद्धतीत वर्षाचा किराया लाखाच्या वर गेला की तुमचा कायम खाते क्रमांकही देतो. तेव्हा त्याच्या कागदावरचा किराया आणि तुमच्या वहीतला किराया एकच असलेला बरा. पावती द्यावी. पाच हजारांहून अधिक रोख घेतले असतील तर तिच्यावर एक रुपयाचे महसूल तिकीट लावून सही करावी, आणि दुसरी प्रत आपल्यापाशी ठेवावी.