ज्वलनशील द्रवांची साठवण: हजार लिटरच्या टाकीतील धोका

हुबळीतील गोकुळ रोड व तारिहाळ, तसेच धारवाडजवळील बेलूर यांसारख्या औद्योगिक वसाहतींत डिझेल, वंगणतेल, सॉल्व्हंट अशा द्रवांच्या साठवणीचा प्रश्न नित्याचा असतो. त्यासाठी लोखंडी जाळीत बसवलेली हजार लिटरची प्लास्टिकची टाकी, अर्थात आयबीसी, सोयीची ठरते. मात्र तिची सोय आणि तिचा धोका यांचे मूळ एकच आहे.

ज्या किमान तापमानाला द्रवाची वाफ ठिणगीने पेट घेते, त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. पेट्रोलियम अधिनियम, १९३४ नुसार २३ अंश सेल्सिअसखालील द्रव 'अ' वर्गात, २३ ते ६५ अंशांमधील 'ब' वर्गात आणि ६५ ते ९३ अंशांमधील 'क' वर्गात मोडतात. डिझेल 'ब' वर्गातले. भारतीय मानकात त्याचा किमान फ्लॅश पॉइंट ३५ अंश आहे. एप्रिल-मेमध्ये हुबळीचे तापमान याही पुढे जाते. उन्हातली टाकी तर आणखी तापते. त्यामुळे 'डिझेल सहज पेटत नाही' हा समज उन्हाळ्यात फसवा ठरतो. मुंबईजवळील बुचर बेटावर ६ ऑक्टोबर २०१७ रोजी डिझेलच्याच टाकीला आग लागली व ती विझवण्यास अनेक दिवस लागले.

खरे संकट पात्र फुटल्यावर सुरू होते. शेजारी पेटलेल्या खोक्यांच्या उष्णतेने प्लास्टिक काही मिनिटांत वितळते. हजार लिटर द्रव एक सेंटिमीटर जाडीने पसरले, तर शंभर चौरस मीटर जमीन व्यापते आणि तेवढी आग एकाच वेळी भडकते.

म्हणून साठ्याभोवती सर्वांत मोठ्या टाकीच्या ११० टक्के द्रव मावेल असा बांध हवा व त्याचा निचऱ्याचा व्हॉल्व्ह बंद असावा. टाक्या पुठ्ठा, लाकूड व वेल्डिंगपासून दूर, सावलीत ठेवाव्यात. 'अ' वर्गातील द्रवांसाठी धातूची पात्रेच वापरावीत व ओतताना अर्थिंग करावे. स्थिर विजेची ठिणगीही पुरेशी असते. तेल पाण्यावर तरंगते, त्यामुळे पाण्याचा झोत आग पसरवतो. फोम हाताशी हवा.

'ब' वर्गाचा अडीच हजार लिटरपर्यंतचा साठा, कोणतेही पात्र हजार लिटरहून मोठे नसल्यास, परवान्याविना ठेवता येतो. त्यापुढील परवान्यासाठी नागपूर मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे नियम लागू होतात. परवाना लागत नाही, म्हणून बांधही लागत नाही, असे मात्र नव्हे.