खारटावरचा उतारा

स्वयंपाकघरातील सर्व चुकांत सर्वांत लहान आणि सर्वांत बोलकी चूक म्हणजे आमटीत मीठ अधिक पडणे. तिखट जास्त झाले तर ते कौतुकानेही खाणारे असतात; गोड जास्त झाले तर कोणी कुरकुर करीत नाही. पण पहिल्याच घासाला खारटपणा लागला की पंक्तीतील बोलणे थांबते, आणि आत चुलीपुढे बसलेल्या सुनेला बाहेर काय झाले ते न सांगता कळते. या क्षुल्लक चुकीला आणि तिच्यावरील उताऱ्यांनाही इतिहास आहे. बीदर व कलबुर्गी या सरहद्दीच्या जिल्ह्यांत तो विशेष स्पष्ट दिसतो.

हा प्रदेश समुद्रापासून दूर आहे. 1347 साली बहमनी राज्याची गादी गुलबर्ग्यास, म्हणजे आजच्या कलबुर्गीस, स्थापन झाली. पुढे पंधराव्या शतकात अहमदशहाने ती बीदरास नेली. राजधान्या बदलल्या, पण मीठ मात्र दुरूनच यावयाचे. किनाऱ्यावरील मिठागरांतून निघालेले मीठ वंजाऱ्यांच्या बैलतांड्यांनी घाट चढून देशावर आणावे आणि परतताना धान्य न्यावे, असा हा शतकानुशतकांचा व्यापार. लमाण हे नावच लवणावरून आले, असे अनेक अभ्यासक मानतात. खाऱ्या मातीतून पाणी झिरपवून मीठ काढणारे उप्पारही दक्षिणेत होते. त्यांच्या नावात कानडीतील 'उप्पु', म्हणजे मीठ, आजही आहे. असे श्रमाने दारी आलेले मीठ हातून अधिक पडणे ही नुसती चवीची चूक नव्हे, नासाडीही होती. आणि त्यासाठी भांडेभर अन्न टाकून देणे ही दुसरी, अधिक मोठी नासाडी.

या मातीत मिठाचा मान भाषेनेही राखला आहे. आपण खाल्ल्या मिठाला जागतो. शेजारची कानडी गृहिणी म्हणते, 'उप्पिगिंत रुचियिल्ल, तायिगिंत बंधुविल्ल.' मिठाहून रुची नाही, आईहून सोयरे नाही. बीदरच्या नानक झिरा येथील कथाही येथे आठवते. परिसरातील पाणी खारे होते, गुरू नानकांनी शिळा सरकवताच गोड झरा वाहू लागला, अशी तेथील श्रद्धा आहे. जेथे गोड पाणी हाच प्रसाद ठरतो, तेथील माणसांना खारटपणाचे मर्म निराळे शिकवावे लागत नाही.

आता उताऱ्यांकडे वळू. मूळ गोष्ट ही की, एकदा विरघळलेले मीठ पातेल्यातून वेचून काढता येत नाही. ते वाफेबरोबर उडूनही जात नाही. उलट आमटी आटवली तर पाणी जाते, मीठ राहते, आणि खारटपणा वाढतो. म्हणून खरा उपाय एकच : मीठ वाटून देणे. चार वाट्या आमटीत सहा वाट्यांचे मीठ पडले असेल, तर दोन वाट्या अळणी वरण तीत मिळवावे. हा हिशेब सोपा आहे, आणि तुरीच्या या मुलखात तो साधण्यास अडचणही नाही. कलबुर्गीच्या तूरडाळीस 2019 साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण खारट आमटीला सावरणारी म्हणून घरोघरी तिचा लौकिक त्याहून पुष्कळ जुना असावा.

कणकेचा गोळा किंवा बटाटा सोडावा, तो मीठ ओढून घेतो, असे आपण ऐकतो. वास्तविक तो खारट पाणी शोषतो, निवडून मीठ शोषत नाही. गोळा काढून त्याच्या जागी अळणी पाणी घातले, तरच गुण येतो. श्रेय मात्र गोळ्याला मिळते. कोरड्या भाजीत शेंगदाण्याचा कूट किंवा शिजवलेली डाळ, रश्शात ताकात कालवलेले बेसन, खारट भातात अळणी भात हे सर्व त्याच एका नियमाचे अवतार होत.

हा नियम पाहावा तो वेळ अमावास्येला. मार्गशीर्षातील या दिवशी लातूर-धाराशिवपासून बीदर-कलबुर्गीपर्यंत लोक शेतावर जेवावयास जातात. भल्या मोठ्या पातेल्यात तुरीचे ओले दाणे, वाटाणा, पालेभाज्या व बेसन यांची भज्जी शिजते. एवढ्या पातेल्यात मिठाचा अंदाज चुकणे अगदी स्वाभाविक. पण सोबत उंडे असतात, ज्वारीची भाकरी असते, मडक्यात ताकाची आंबील असते. भाकरीत सहसा मीठ नसते. ती मुळातच अळणी ठेवून आपल्या पूर्वजांनी पानातच तराजूचे दुसरे पारडे मांडून ठेवले आहे.

अलीकडे चूक का वाढली, याचेही एक कारण सांगण्याजोगे आहे. जुन्या हातांना खडेमिठाचा सराव होता. बारीक मीठ चमच्यात दाटून बसते, म्हणून तेवढ्याच चमच्यात ते वजनाने अधिक भरते. सासूबाईंचा 'दोन चिमटी' हा मंत्र नव्या मिठाला जसाच्या तसा लागू पडत नाही. दोष सुनेच्या हाताचा नसून मापाचा असतो.

शेवटी एक इशारा. चिंच, गूळ, लिंबू यांनी खारटपणा जिभेला कमी भासतो, पण मीठ तेवढेच राहते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसास दिवसाला 5 ग्रॅमहून कमी मीठ सांगते. घरात रक्तदाबाचा रोगी असेल तर जिभेची समजूत घालून भागत नाही. त्याच्यासाठी अळणी जिन्नस मिळवूनच आमटी सौम्य करावी, आणि तीही बेताने वाढावी.

1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचनेत जुना बीदर जिल्हा विभागला गेला. बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात गेले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात आले. माहेर एका राज्यात, सासर दुसऱ्या राज्यात, असे अनेकींचे झाले. पण आमटी खारट झाली की भालकीची लेक आणि उदगीरची सून आजही तेच करतात : पंक्तीपुढे मान खाली न घालता एक वाटी अळणी वरण पातेल्यात ओततात. चुकलेले मीठ परत घेता येत नाही. वाटून घेतले की मात्र ते सुसह्य होते.