गुळाची बाटली आणि रात्रीची नोंद

पीएच.डी.ची तयारी करताना ‘रिव्ह्यू ऑफ लिटरेचर’ म्हणजे उरकून टाकायचं काम, असं वाटतं ना? मलाही वाटायचं. माझा समज माशांनी मोडला.

एम.एस्सी.ला असताना कोल्हापुरात माझ्या खोलीवर एक फिश टँक होता. त्यातल्या पाणवनस्पती वाढेनात. पाण्यात कार्बन डायऑक्साइड कमी पडतो असं कळल्यावर मी तो घरीच तयार केला. कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली, गुळाचं पाणी, चिमूटभर यीस्ट आणि सलाईनची नळी, एवढंच सामान. गुळाला काय तोटा? शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची गूळपेठ वसवली, त्याच गावात राहत होतो. दुपारी पानांवर बुडबुडे चमकले, मी खूश! तिसऱ्या दिवशी पहाटे मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होते. दोन मेले.

चूक कुठे झाली, ते अडीचशे वर्षांपूर्वीच्या प्रयोगांत सापडलं.

जोसेफ प्रीस्टली १७६७ मध्ये लीड्सला राहायला गेला. शेजारी बिअरचा कारखाना होता. आंबवणाच्या पिंपांवर साचणारा वायू त्याने पाण्यात मिसळला आणि सोडावॉटर करण्याची कृती १७७२ मध्ये छापली. आपली गुळाची बाटली म्हणजे त्याच पिंपाचं छोटं रूप. १७७१ मध्ये त्याने मेणबत्ती विझलेल्या हवेत पुदिन्याची डहाळी ठेवली. काही दिवसांनी त्या हवेत मेणबत्ती पुन्हा जळली. पण हाच प्रकार इतरांना दर वेळी जमेना. शीलेला तर उलटाच निष्कर्ष मिळाला.

मग खोटं कोण बोलत होतं? कुणीच नाही. एक घटक कुणी नोंदवलाच नव्हता. यान इंगेनहाउसने १७७९ मध्ये तो दाखवला: उजेड. पाण्यात बुडवलेल्या पानांतून उन्हात बुडबुडे येतात, अंधारात थांबतात. आणि रात्री वनस्पती हवा सुधारत नाहीत, उलट बिघडवतात. पुढे १७८२ मध्ये झाँ सेनेबिएने दाखवलं की, बुडबुडे येण्यासाठी पाण्यात कार्बन डायऑक्साइड लागतो. प्रॅक्टिकलला हायड्रिलाच्या बीकरमध्ये आपण खाण्याचा सोडा टाकतो, त्यामागे हेच तत्त्व आहे.

आता माझा टँक बघा. दिवसा वनस्पती कार्बन डायऑक्साइड वापरत होत्या. रात्री त्या आणि मासे, दोघंही ऑक्सिजन घेऊन तोच वायू सोडत होते. यीस्टला कुठली आलीय रात्र? बाटलीतून वायू येतच राहिला. वहीत माझ्या सगळ्या नोंदी दुपारच्या. पानांवरचे बुडबुडे ऑक्सिजनचे, नळीतले कार्बन डायऑक्साइडचे. मी पहिले मोजून दुसऱ्यांबद्दल निर्धास्त झालो होतो.

पुढच्या वेळी रात्री नळी टँकबाहेर काढून ठेवली (चिमटा लावला असता तर दाब वाढून बाटली फुटली असती) आणि एअर पंप लावला. ब्रोमोथायमॉल ब्लूचा निर्देशकही टाकला: निळा म्हणजे वायू कमी, हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे धोका. पहाटे पाचचा गजर लावून रंग लिहिला.

म्हणून सांगतो, प्रयोग पुन्हा जमला नाही तर लगेच स्वतःला किंवा दुसऱ्याला चुकीचं ठरवू नका. आधी बघा, वहीत कुठली वेळ रिकामी आहे.