गवळी, महेश
(२३ जानेवारी १९८०– ). भारतीय फुटबॉलपटू व प्रशिक्षक. पेडण्यापासून काणकोणापर्यंत फुटबॉलच्या वेडासाठी ओळखल्या जाणाऱ्या गोव्याने देशाला दिलेल्या उत्तम बचावपटूंपैकी एक. जमशेदपूरच्या टाटा फुटबॉल अकादमीत त्यांची जडणघडण झाली. मधल्या फळीच्या मागे, गोलसमोर उभा राहणारा मध्यबचावपटू ही त्यांची जागा. चेंडू अडवण्यापेक्षा तो कुठे पडेल हे आधी ओळखणे, हे त्यांच्या खेळाचे खरे बळ होते.

कोलकात्याच्या ईस्ट बंगालने २६ जुलै २००३ रोजी जाकार्ता येथे थायलंडच्या बीईसी तेरो सासानाचा ३–१ असा पराभव करून आसियान क्लब स्पर्धा जिंकली. सुभाष भौमिक यांच्या त्या संघाच्या बचावफळीत गवळी होते. परदेशात भारतीय क्लबांना असे यश क्वचितच मिळाले आहे. पुढे गोव्याच्या धेंपो क्लबात आर्मांदो कुलासो यांच्या हाताखाली, समीर नाईक यांच्या जोडीने, ते आय-लीग विजेत्या संघाचा कणा बनले. २००८ मध्ये भारताने दिल्लीत ताजिकिस्तानला ४–१ असे हरवून एएफसी चॅलेंज कप जिंकला. या विजयामुळे भारत २७ वर्षांनी, २०११ च्या आशियाई करंडकासाठी पात्र ठरला. गवळी त्या पिढीचे खेळाडू. गोल करणाऱ्यांची नावे सर्वांना पाठ असतात, बचावपटूंच्या वाट्याला ती कीर्ती सहसा येत नाही. गवळींचा उल्लेख म्हणूनच आवर्जून व्हायला हवा.

निवृत्तीनंतर ते प्रशिक्षणाकडे वळले. २०२३ च्या सॅफ स्पर्धेत मुख्य प्रशिक्षक इगोर स्टिमाच निलंबित असताना सहायक प्रशिक्षक गवळी यांनी संघाची धुरा सांभाळली. ४ जुलै रोजी बंगळूरूला भारताने कुवेतला पेनल्टी शूटआउटमध्ये ५–४ असे नमवून विजेतेपद मिळवले.